तांबडीचं कूळ

चहाचा पहिला प्याला घशाखाली उतरायच्या आत कामाचं बोलू नये, एवढी साधी रीत जहराला ठाऊक नव्हती असं नाही. तिच्या आईनं आणि मावशीनं लहानपणी मांडीला चिमटे काढून काढून तिला ती शिकवली होती. पण राजधानीत, नियामेला शिकायला गेल्यापासून पोरीच्या जिभेला लगाम म्हणून उरला नव्हता. आल्यासरशी जनावरांची खुशाली विचारावी, पाऊस कुठं पडल्याचं कानावर आलं का ते विचारावं, दुसरा प्याला होऊ द्यावा आणि तिसऱ्याला साखर जास्त पडली की मग हळूच विषयाला हात घालावा. ते राहिलं बाजूलाच. ही पोर लॉरीतून उतरून कोरड्या ओढ्याच्या वाळूतून पाय ओढत आली, पिशवी टेकवली, घुमूरमामानं ओतलेला पहिला कडू प्याला हातात घेतला आणि तो मामा तिथंच बसलेला असताना मोठ्यानं म्हणाली,

"मावशी, तुझी तांबडी शेळी कबरीची नाही."

असालमा तंबूच्या तोंडाशी बसून फाडलेलं दूध चटईवर थापत होती. या दिवसांत दूधच इतकं कमी, की चीज थापायचं तर बोटं चटईलाच घासत होती. तिचे हात थांबले नाहीत.

"काय म्हणालीस?"

"तांबडी, आणि तिच्यामागच्या सगळ्या. रक्त तपासलं त्यात निघालं. कबरीचं कूळ फार जुनं आहे मावशी, वाळवंटापलीकडच्या डोंगरातल्या शेळ्यांशी तिची खूण जुळते. आमचे सर तर उडालेच बघून. पण तांबडीची खूण निराळी. ती खाली दक्षिणेच्या, हौसा मुलुखातल्या तांबड्या शेळ्यांची."

"तांबडीला दूध कुणी पाजलं?"

"कबरीनं पाजलं असेल गं. पण मी पोटची म्हणते. पोटची नाही ती."

घुमूरनं किटली उंच धरली होती. चहाची बारीक धार मध्येच तुटली आणि चार थेंब निखाऱ्यावर पडून चुरचुरले. त्यानं किटली खाली ठेवली, पटक्याचं टोक नाकावर ओढून घेतलं आणि शेरडांच्या काट्यांच्या कुंपणाकडं बघत बसला. त्या बघण्यावरूनच असालमाला कळलं, की या पोरीनं स्वतःच्याच अन्नात माती कालवली.

कारण कबरीची शेरडं जित्या दुधाची होती. जितं दूध म्हणजे आईकडून लेकीला, लेकीकडून नातीला, बहिणीकडून भाचीला जायचं. ते विकायचं नाही आणि वाटायचंही नाही. नवऱ्यानं, भावानं, मुलांनी दूध प्यावं, दोन शब्द चांगले बोलावेत आणि उठावं. असालमाला दोन मुलगे. दोघंही आपापल्या बायकांच्या तंबूत गेलेले. मुलगी नव्हती. धाकटी बहीण वारल्यावर तिची जहरा हिनंच वाढवली आणि हिच्यामागं ही शेरडं जहराचीच होती. बापाच्या मालमत्तेचं तसं नाही. बापाचं जे असेल ते धर्माप्रमाणं वाटलं जातं, बहिणीला एक वाटा तर भावाला दोन. आणि आज कुंपणात उभ्या असलेल्या शेरडांत कबरीच्या रंगाची थोडीच होती. बाकीचं सगळं तांबडंलाल.

"बाबांनी आणलेली," घुमूर हळूच म्हणाला. "दक्षिणेहून. उंटावर बांधून आणलेली शेळी होती एक. मला आठवतं."

"तुला तेव्हा नाक पुसता येत नव्हतं," असालमा म्हणाली. "चहा ओत. गार होतोय."

घुमूरनं दुसरा आणि तिसरा प्याला ओतला.

सकाळी ऊन चढायच्या आत बाभळी छाटायच्या असत. पावसाचा पत्ता नव्हता. ओढ्याकाठच्या बाभळी खालून माणसाच्या हाताइतक्या उंचीपर्यंत कधीच बोडक्या झाल्या होत्या. आता लांब आकडी घेऊन वरची फांदी ओढायची, ती पुरती न तोडता सालीवर लोंबती ठेवायची, म्हणजे झाड मरत नाही. असालमाच्या गुडघ्यात पाणी झालं होतं. एक पाय वाळूत रोवून, दुसरा नुसता टेकवून ती आकडी ओढायची आणि प्रत्येक ओढीला तोंडातून "हं" असा आवाज निघायचा. फांदी कडाडली की शेरडं धावत यायची. पुढचे पाय झाडाला लावून उभी राहायची, एकमेकींना ढुशा द्यायची. पोटं आत गेलेली, पाठीचे मणके मोजून घ्यावेत असे.

"दे, मी ओढते," जहरा म्हणाली.

"राहू दे. तुझे हात शिकलेले आहेत."

"मावशी, बोल तरी. रागव, पण बोल."

असालमानं दुसरी फांदी धरली. ती खाली आली तेव्हा काट्यांचा एक फटकारा तिच्याच गालावर बसला. जहरानं पुढं होऊन आकडी हिसकावूनच घेतली. मावशी झाडाच्या बुंध्याशी टेकली आणि ओढणीच्या टोकानं गाल पुसत म्हणाली,

"तुझ्या त्या नळीत दिसतं तरी काय असं?"

जहरा आकडी ओढता ओढता सांगू लागली. धाप लागत होती तरी पोर खुलली. "रक्तात बऱ्याच खुणा असतात. बहुतेक आईबापांच्या मिसळलेल्या. पण एक खूण अशी असते, ती फक्त आईकडून येते. आईची लेकीत, लेकीची नातीत. बोकडात उतरते, पण त्याच्या पुढं जात नाही. म्हणून ती धरून मागं मागं जाता येतं. आजी, पणजी, खापरपणजी. माणसं शेळ्या घेऊन कुठून कुठं गेली ते सुद्धा कळतं."

"बापाचं काही नाही त्यात?"

"काही नाही."

"मग त्यात नवीन काय शोधलं तुम्ही? जितं दूध तसंच जातं."

जहरा आकडी धरून तशीच उभी राहिली. "तेच तर मावशी. सरांना मी तेच सांगितलं. म्हटलं, आमच्या मावशीला हे आधीपासून ठाऊक आहे."

"मावशीला जे ठाऊक आहे ते तू मामासमोर ओकायच्या आधी मावशीला विचारायचं होतंस."

गेल्या हिवाळ्यात जहरा तिच्या सरांना घेऊन आली होती. हौसा माणूस, पण भला. शेळीच्या कानाचा कपचा काढायच्या आधी बिस्मिल्ला म्हणायचा, रक्त काढलं की त्या जागी बोट दाबून धरायचा. एकेक शेळी धरून जहरा विचारायची, "ही कुणाची?" असालमा सांगायची, ही या ठिपकीची, ठिपकी त्या लांबकानीची, लांबकानी तिच्याही आईची, असं करत करत तांबडीपर्यंत, आणि तांबडी कबरीची. हौसा डॉक्टर मान डोलवून म्हणायचा, एवढ्या पिढ्या कुणाला सांगता येत नाहीत. असालमाला त्याचं काही वाटलं नव्हतं. ज्या बाईला शेरडांची आई सांगता येत नाही तिनं शेरडं पाळू नयेत, कोंबड्या पाळाव्यात.

"तू विचारलंस ही कुणाची," ती आता म्हणाली. "मी सांगितलं कबरीची. पोटातून कुणाच्या पडली ते तू विचारलं नाहीस."

"कुणाची म्हटलं की तेच नं मावशी?"

"तेच नव्हे."

आणि मग खाली पडलेल्या शेंगा वेचता वेचता, मान वर न करता, तिनं सांगितलं.

बाप त्या वर्षी मिठाचे उंट घेऊन दक्षिणेला गेला, येताना बाजरी आणली आणि एका उंटाच्या पाठीवर पोत्यांच्या मधोमध तांबडी लाल शेळी बांधून आणली. गाभण होती. वाटेत तिला पाणी कमी पडलं की काय, आली ती मान टाकूनच. वेताला अडली, करडू बाहेर आलं आणि ती गेली. त्याच दिवशी कबरीला मेलेलं करडू झालं. कबरी त्याला चाटत बसली होती, कुणाला जवळ येऊ देत नव्हती. आईनं असालमाला हाक मारली आणि हातात सुरी दिली. असालमा तेव्हा जहराहून कितीतरी लहान. तिनं त्या मेलेल्या करडाचं कातडं सोललं, अजून ऊन होतं ते. लाल करडाच्या अंगावर ते घातलं, पोटाखाली दोरीनं बांधलं. चार पाय दुसऱ्याच्या कातड्यातून बाहेर आलेले. सगळ्या पोरी हसत होत्या. कबरीनं हुंगलं, तोंड फिरवलं, पुन्हा हुंगलं. आईनं तिच्या नाकाला मीठ चोळलं आणि कानाशी तोंड नेऊन ती काहीतरी गुणगुणत बसली. ऊन उतरायला लागलं तेव्हा कबरीनं पान्हा सोडला.

"कातडं अंगावर वाळून कडक झालं, तेव्हा आईनं कापून काढलं," असालमा म्हणाली. "म्हणाली, आजपासून ही कबरीची. बाप तिथंच उभा होता. हसला आणि म्हणाला, बायकांनी एवढी मेहनत केली तर कबरीचीच. झालं. त्यानंतर कुणी विचारलं नाही. तू येईपर्यंत."

जहरा खाली बसली. तिच्या तळहातावर आकडीनं फोड आला होता. तो ती दाबत राहिली.

घुमूरनं तोंड उघडलं ते विहिरीवर. विहीर खोल, मोट ओढायला गाढव. गाढवाला हाकत दूरवर जायचं, मोट वर आली की असालमानं ती कठड्यावर ओढून पखालीत रिकामी करायची, की पुन्हा गाढव मागं. कप्पी करकरत होती. पाणी वर यायला इतका वेळ लागायचा की बोलायला भरपूर जागा होती. लिबियात लोकांच्या भिंती बांधून बांधून त्याची बोटं वाकडी झाली होती. परत आला तेव्हा बायकोनं तंबू मोडून आपल्या आईच्या ओढ्याकाठी नेलेला. तंबू बाईचा, बाई गेली की पुरुषाच्या डोक्यावर आभाळ. तेव्हापासून तो बहिणीच्या तंबूबाहेर बाभळीखाली निजत होता.

"ताई," शेवटी तो गाढवाच्या पाठीआडून म्हणाला, "मी काही चोर नाही."

"तसं कुणी म्हणालं?"

"बाबांची शेळी होती. बाबांचं म्हणजे आपल्या तिघांचं. माझं जे असेल ते दे. जित्या दुधाला मी बोट लावणार नाही."

"देऊ आणि मग?"

"विकीन. एक उंट घेईन. म्हातारा का असेना."

"या दिवसांत शेळी विकणार? बाजारात हाडं विकशील. गिऱ्हाईक वरून विचारील, बाबा, मांस वेगळं आणलंय का?"

घुमूर हसला नाही. "पाऊस पडेपर्यंत थांबलो तर निम्म्या मरतील. तू बघतेसच." मग गाढव थांबवून तो तिच्याकडं वळला. पटका तोंडावरून जरा खाली सरकला होता, दाढी पांढरी दिसली. "ताई, या वयात मी बहिणीच्या सावलीत कुत्र्यासारखा झोपतो. परवा पाहुणे आले, तू माझ्यापुढं वाडगं ठेवलंस. त्यांनी बघितलं. पायी चालणाऱ्या माणसाला कुणी सलाम सुद्धा पुरता करत नाही. उंट असला की मी जाईन. कुठंही जाईन."

मोट कठड्याला आदळून निम्मं पाणी पुन्हा विहिरीत पडलं. असालमानं शिवी दिली, ती मोटेला होती का भावाला, ते तिचं तिलाच ठाऊक.

"खामीद मौलवीला विचार," ती म्हणाली. "तो सांगेल ते."

मौलवी वरच्या गावात, खजुरांच्या बागेत राहायचा. म्हातारा, एका डोळ्यात फूल पडलेलं. तो या दोघांच्या बापाबरोबर दक्षिणेला जायचा, तांबडीच्या त्या एका वर्षी मात्र गेला नव्हता. सगळे त्याच्या झोपडीपुढच्या वाळूत बसले. खजुराचं पाणी आलं. वाडगं एकातून दुसऱ्याकडं गेलं. घुमूरनं सांगितलं, थोडक्यात आणि नीट सांगितलं, बहिणीबद्दल एक वाकडा शब्द काढला नाही. मौलवीनं ऐकून घेतलं आणि जहराकडं मान वळवली.

"पोरी, तू काय पाहिलंस?"

जहरानं वाळूत बोटानं रेघ ओढली. ती पुसली. म्हणाली, "मामा म्हणतात तसंच निघालं होतं. पण... मौलवीसाहेब, खूप नळ्या होत्या. किती तरी खोऱ्यांतल्या शेळ्यांच्या. वाटेत दोन डबे सांडले. अदलाबदल झाली असेल. माझ्या हातून झाली असेल. नक्की नाही सांगता येत."

घुमूरच्या मानेची शीर उठली, पण तो काय बोलणार? त्याला नळीतलं काय कळत होतं? तो नाक पुसता न येणारा पोर होता, शेळी मेलेली त्यानं पाहिली होती की ऐकली होती, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. त्या दिवशी करडाला हात लावणाऱ्यांपैकी एक असालमाच उरली होती. मौलवीनं आपला चांगला डोळा तिच्याकडं वळवला.

"असालमा?"

तिचा गुडघा ठणकत होता, मांडी घालून बसवत नव्हतं. गप्प बसली असती तरी भागलं असतं. पोरीनं सगळं करून ठेवलंच होतं. तिनं जहराकडं पाहिलं. पोर मान खाली घालून बसली होती, कान लाल झाले होते. नियामेत चार वर्षं, रात्री जागून, मावशीपासून लांब राहून जे शिकली ते तिनं मावशीसाठी या वाळूत सांडलं होतं, आणि उद्या हे खोऱ्यात पसरलं की लोक म्हणणार होते, कपचे कापायला आली, पण कुठला कपचा कुठला ते तिला कळत नाही.

"काही सांडलं नाही," असालमा म्हणाली. "पोर बरोबर आहे. तांबडी बाबांच्या शेळीची. कातडं मी बांधलं, या हातांनी."

"मग तू कबरीची का म्हणतेस?"

"कबरीनं दूध पाजलं म्हणून. आईनं सांगितलं म्हणून. मौलवीसाहेब, दूध पाजलं की आई होते ना? दूधभावाशी लग्न लावाल तुम्ही?"

"नाही लावणार," मौलवी म्हणाला. "दुधानं नातं होतं. लग्न बंद होतं. पण दुधानं वारसा मिळत नाही, असालमा. दूधलेकाला बापाच्या मालात वाटा नसतो. माणसाला नाही, तर शेळीला कुठून देऊ?" त्यानं वाडगं उचललं, ते रिकामं होतं, पुन्हा ठेवलं. "तुझ्या बापानं चारचौघांत दिली असती तर वेगळं. हसून म्हणाला. हसणं म्हणजे देणं नव्हे."

निवाडा झाला. तांबडीच्या कुळाचे वाटे पडायचे. दोन घुमूरचे, एक असालमाचा, एक मेलेल्या बहिणीचा, म्हणजे जहराचा. कासेला लागलेली करडं आईबरोबर. इतकी वर्षं राखल्याबद्दल खाल्लेलं दूध असालमाचं, त्याचा हिशेब नाही.

"बघ, पोरीलाही मिळालं," घुमूर वाटेत म्हणाला. त्याला ते चांगल्या मनानं म्हणायचं होतं. असालमानं ऐकलं न ऐकलंसं केलं. दगडांतून उतरताना तिनं जहराचा खांदा धरला नाही, काठीवरच भार टाकला.

वाटणीच्या दिवशी वारा सुटला. तोंडात, डोळ्यांत, शेरडांच्या नाकपुड्यांत धूळ. कुंपणाचे काटे बाजूला करून एकेक बाहेर काढायची. असालमा नाव घेऊन हाक मारायची, शेळी यायची आणि तिला घुमूरच्या दोरीत द्यायची. हाकेसरशी यायची, हेच वाईट होतं. घुमूरनं बोकड आणि भाकड आधी मागितल्या, पण मौलवीनं सांगितलेलं सरळ होतं: सगळ्या जातीचं सगळ्यांत. दुभत्या त्याच्याकडं गेल्या, तरण्या पाठी गेल्या, ठिपकी गेली, तिची जुळी करडं गेली. जहराच्या वाट्याची बाजूला काढताना असालमानं तिला विचारलं नाही, कुठली हवी. चांगल्या तिला दिल्या, मरतुकड्या आपल्याकडं ठेवल्या. जहरा म्हणाली, "मावशी, माझ्या तुझ्यातच सोड." असालमा म्हणाली, "धर दोरी."

घुमूर निघाला. शेरडं दहा पावलं जायची आणि मागं वळायची. तो तोंडानं आवाज काढायचा, तो उंटांना काढायचा आवाज होता. शेरडं त्याच्याकडं बघत राहायची.

अगादेझचा बाजार तिथून लांब, वाटेत मुक्काम करावा लागायचा. दिवस कलला तेव्हा ओढ्याच्या वळणावर पुन्हा धूळ दिसली. तो परत येत होता. शेरडं आधी पोचली, कुंपणाशी येऊन ओरडू लागली. कासा तटतटलेल्या, सड बाहेरच्या बाजूला फाकलेले, चालताना मागचे पाय फेंगडे टाकत होत्या. करडं आयांपासून अलग बांधून नेल्यामुळं कुणी प्यालं नव्हतं आणि धार कुणी काढली नव्हती. पुरुषानं शेळीची धार काढली तर खोऱ्यातली पोरं म्हातारपणापर्यंत त्याला त्यावरून नावं ठेवतात. घुमूर लांबच थांबला, तंबूकडं पाठ करून. पटका डोळ्यांपर्यंत ओढलेला.

"ताई," तो ओढ्याकडं बघतच म्हणाला, "त्यांना दुखतंय."

"दिसतंय मला."

"धार काढशील?"

असालमा उठली. गुडघ्याला हात लावून उठली, वाडगं घेतलं, ठिपकीच्या मागं उकिडवी बसली. सड इतका ताठ होता की पहिला थेंब बोटांनी चोळत चोळत आणावा लागला. ठिपकीनं लाथ मारली नाही, नुसता दम सोडला. दुसऱ्या बाजूनं जहरा बसली. दोघी एकेक करत गेल्या. घुमूर पाठ करून उभा होता, धारेचा आवाज त्याच्या कानावर पडत होता. शेवटी असालमानं भरलेलं वाडगं नेऊन त्याच्या पायापाशी वाळूत ठेवलं.

"तुझं दूध."

तो खाली बसला. प्यावं की नाही ते त्याला समजेना. मग पटक्याच्या आतून, तोंड न दाखवता, एका दमात प्याला.

"असं किती दिवस?" असालमा म्हणाली. "बाजारापर्यंत कासा फुटतील. गाठी धरलेल्या कासेची शेळी कसाई सुद्धा पाडून मागतो."

वारा पडला होता. कुंपणातल्या उरलेल्या शेरडांना जागा जास्त झाली होती, तरी ती सवयीनं एका कोपऱ्यात दाटी करून बसली होती.

"मी जाते मामाबरोबर," जहरा म्हणाली. "वाटेत धारा काढीन. तशी मला लॉरी तिथूनच धरायची आहे."

असालमानं तिच्याकडं पाहिलं. पोरीच्या हातावरचा फोड फुटला होता, त्यावर दुधाचा साका वाळला होता.

पहाटे घुमूरनं शेरडं पुन्हा दोरीत घेतली. या वेळी करडं मोकळी सोडली, पुढं पुढं उड्या मारत चालली. जहरानं आपली पिशवी पाठीला लावली, पाण्याची लहान पखाल खांद्याला अडकवली. आपल्या वाट्याच्या शेळ्या तिनं दोरीतून सोडून कुंपणात ढकलल्या होत्या. असालमानं ते पाहिलं होतं. ती काठीवर रेलून तंबूबाहेर उभी होती. दूरवर उजाडू लागलं होतं, आभाळात ढगाचा तुकडा नव्हता.

जहरा जवळ आली, वाकली. असालमानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथंच दाबून धरला, पोरीला सरळ होऊ दिलं नाही.

"ऐक," ती म्हणाली. "तू त्या दिवशी खरं बोललीस, ते जीभ सैल म्हणून. मौलवीपुढं खोटं बोललीस, ते माझ्या मायेपोटी. एकानं माझी शेरडं गेली, दुसऱ्यानं तुझी विद्या जात होती. आणि दोन्ही वेळा तू मला विचारलं नाहीस. शिकलीस ते चांगलं झालं, माझ्यामागं हे सगळं तुझंच आहे, त्यात बदल नाही. पण मी जिवंत आहे तोवर माझ्या शेरडांची आई कोण, ते जगाला सांगायच्या आधी माझ्यापाशी येऊन विचारायचं. आता ऊठ. मामाला वाट माहीत आहे, पण धार काढायची वेळ तू बघ."